अर्थशास्त्राच्या वाटेने फायनान्स शिकताना

मी अर्थशास्त्रात पदवी घेतली, फायनान्स हा विशेष विषय ठेवून, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणही त्याच वाटेने केलं. शाळा संपवून विद्यापीठात येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, "यातून शेअर बाजारात पैसे कसे कमवायचे ते कळतं का?" नाही, ते यातून कळत नाही. शेअरचा, रोख्याचा, विम्याचा किंवा कर्जाचा भाव जो आहे तो तेवढाच का आहे, हा प्रश्न मात्र पहिल्या वर्षापासून शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत पाठ सोडत नाही. तो प्रश्न आवडला तर हा अभ्यासक्रम माणसाला धरून ठेवतो. मला त्याने धरून ठेवलं.

पहिल्या वर्षी फायनान्सचं नावही निघत नाही. मायक्रो, मॅक्रो, गणित आणि संख्याशास्त्र, बस्स. वर्गातल्या बऱ्याच जणांना त्याचा कंटाळा येतो, कारण ते आलेले असतात बाजार, बँका आणि गुंतवणूक शिकायला, आणि समोर येतात उपयोगितेचे, म्हणजे खर्चातून मिळणाऱ्या समाधानाचे, वक्र. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम सर शिकवत होते: जवळ जितकं जास्त, तितकी वरच्या एका रुपयाची किंमत कमी. सरांनी फळ्यावर लॉगरिदमचं फलन लिहून दाखवलं. वर्षाला १०० एकक खर्च करू शकणाऱ्या माणसाला आणखी एका एककाचं मोल १/१००. तोच माणूस ५० वर आला की त्याच एका एककाचं मोल १/५०, म्हणजे बरोबर दुप्पट. वर्गात सगळ्यांनी हे उतरवून घेतलं आणि पान उलटलं. एवढ्या साध्या गोष्टीवर पुढचं अख्खं फायनान्स उभं आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते पहिल्याच तासाला सांगावं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या वर्षी खऱ्या अर्थाने पैशाच्या भावाला सुरुवात झाली. वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत, आणि त्यावरून रोखे, म्हणजे ठरलेलं व्याज देऊन मुदतीअखेर मुद्दल परत करणारी कर्जपत्रं. आमच्या मॅडमचा नियम होता की पहिले दोन आठवडे संगणकाला हात लावायचा नाही, कागद आणि साधा कॅल्क्युलेटर एवढंच. एक रोखा घ्यायचा: दर्शनी किंमत १००, दरसाल ५ टक्के व्याज, मुदत दहा वर्षं. बाजारातला दर ५ टक्के असताना त्याचा भाव १००. दर ६ टक्क्यांवर गेला तर? प्रत्येक वर्षाचं व्याज वेगळं घेऊन ६ टक्क्यांनी मागे आणायचं, शेवटी मुद्दल मागे आणायची आणि बेरीज करायची. उत्तर येतं ९२.६४. मग तेच दोन वर्षांच्या रोख्यासाठी: ९८.१७. आणि तीस वर्षांच्या रोख्यासाठी: ८६.२४. एकाच एक टक्क्याने कुणाचं दोनाहून कमी गेलं, कुणाचं जवळजवळ चौदा. हे आकडे स्वतःच्या हाताने काढल्यावर मुदतीची जोखीम व्याख्येतून शिकावी लागत नाही.

त्यानंतर ड्युरेशन आलं, दर बदलला की रोख्याचा भाव किती हलेल याचं माप. दहा वर्षांच्या त्या रोख्याचं सुधारित ड्युरेशन ७.७२ निघतं, म्हणजे दर एक टक्का वाढला की भाव साधारण ७.७२ ने पडेल असा अंदाज. पण आम्ही काढलेली घट तर ७.३६ होती. मॅडमनी पुढचा संपूर्ण तास त्या ०.३६ ला दिला. भाव आणि दर यांचा संबंध सरळ रेषेचा नाही, वक्र आहे. ड्युरेशन ही त्या वक्राला एका बिंदूवर टेकलेली रेषा. आणि रेषा व वक्र यांच्यातली फट म्हणजे कॉन्व्हेक्सिटी. सूत्र पुस्तकात होतंच. पण एवढ्याशा फरकावरून वर्गाला थांबवून "हे कुठून आलं?" असं विचारणारी शिक्षिका मिळणं, हे मी माझं भाग्य समजते.

मग पोर्टफोलिओ, म्हणजे अनेक गुंतवणुकींची एकत्र जुळणी. हॅरी मार्कोविट्झ यांचा १९५२ चा विचार आज इतका रुळला आहे की त्यात नवं काय होतं ते पटकन दिसत नाही. दोन शेअर घ्या, दोघांच्या परताव्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची हालचाल, २० टक्के. निम्मे निम्मे पैसे दोन्हींत. दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर एकत्रित विचलन १४.१४ टक्क्यांवर येतं. सहसंबंध (दोघं एकत्र किती हलतात याचं माप) ०.५ असेल तर १७.३२. परतावा सरासरीइतकाच राहतो, जोखीम मात्र सरासरीच्या खाली उतरते. यातून पुढे १९६४ मध्ये विल्यम शार्प यांनी जे मांडलं ते कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल, ज्याला सगळे कॅपएम म्हणतात. शेअर एकटा किती हलतो याला महत्त्व नाही, तो सगळ्या बाजाराबरोबर किती हलतो याला आहे. कारण एकट्याची हालचाल इतर शेअर सोबत घेऊन पुसून टाकता येते, बाजाराबरोबरची हालचाल पुसता येत नाही.

इथपर्यंत फायनान्सच्या कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवतात. अर्थशास्त्र विभागात शिकण्याचा खरा फायदा मला तिसऱ्या वर्षी कळला. वर्गात नवीन प्राध्यापक आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाजाराबरोबर हलणाऱ्या शेअरला जास्त परतावा का द्यावा लागतो?" कुणीतरी म्हणालं, जोखीम जास्त म्हणून. ते म्हणाले, "जोखीम म्हणजे काय?" आणि मग त्यांनी पहिल्या वर्षीचा तोच लॉगरिदम फळ्यावर काढला. बाजार कोसळतो तेव्हा लोकांच्या नोकऱ्या जातात, पगार थांबतात, धंदे बसतात. म्हणजे लोक १०० वरून ५० कडे सरकलेले असतात, आणि नेमका तेव्हाच एकेक रुपया दुप्पट मोलाचा झालेला असतो. जो शेअर अशा वेळी पैसे देत नाही, उलट आहेत तेही घालवतो, तो लोक स्वस्तातच घेणार. स्वस्तात घेतलेल्या शेअरचा सरासरी परतावा जास्त. जास्त परतावा हा त्या गैरसोयीचा मोबदला.

याच हिशेबात विमा उलट्या बाजूला बसतो. विमा घेणाऱ्याला सरासरीने तोटाच होतो. हप्त्यांत जातं त्यापेक्षा सरासरी कमी परत येतं. तरी समजूतदार माणसं विमा घेतात, कारण विम्याचे पैसे घरावर संकट आलं की येतात आणि त्या दिवशी त्यांचं मोल कित्येक पटींनी वाढलेलं असतं. म्हणून विमा, शेअर, सरकारी रोखे आणि सोनं हे सगळं एकाच प्रश्नाखाली येतं: हा पैसा हाती पडेल तो काळ चांगला असेल की वाईट? भाव म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची सरासरी, पण त्या सरासरीत वाईट काळातल्या पैशाला जास्त वजन दिलेलं. त्या वजनाला स्टोकॅस्टिक डिस्काउंट फॅक्टर म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि आत आहे पहिल्या वर्षाची घटती सीमांत उपयोगिताच. मला फायनान्स कळू लागलं ते त्या आठवड्यापासून.

आणि लगेच कळलं की हे सुंदर उत्तर आकड्यांना पुरत नाही. १९८५ मध्ये मेहरा आणि प्रेस्कॉट यांनी दाखवलं की अमेरिकेत शेअर आणि सुरक्षित रोखे यांच्या परताव्यात जवळजवळ शतकभर जो सहा टक्क्यांच्या आसपासचा फरक होता, तो या पद्धतीने समजावायचा तर माणसं अविश्वसनीय इतकी भित्री मानावी लागतात. कारण देशाचा एकूण उपभोग वर्षागणिक फारसा हलतच नाही. हे कोडं सोडवायला सवयींपासून दुर्मिळ महासंकटांपर्यंत कितीतरी स्पष्टीकरणं पुढे आली. सेमिनारमध्ये आम्हाला त्यांतली एकेक वाटून दिली होती आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या स्पष्टीकरणाची बाजू लढवायची होती. इतक्या तळमळीने मी दुसऱ्या कुठल्या विषयावर वाद घातलेला नाही.

ऑप्शनबद्दल, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काबद्दल, थोडक्यात सांगते, कारण तिथे वर्ग दोन दिवस अडकला होता. शेअर आज १००, उद्या १२० किंवा ९०, व्याज शून्य. १०५ ला शेअर विकत घेण्याचा हक्क उद्या १५ चा होईल किंवा शून्याचा. आज अर्धा शेअर घ्या आणि त्यासाठी ४५ उसने घ्या. उद्या शेअर वर गेला तर ६० मधून ४५ फेडून १५ उरतात, खाली गेला तर ४५ मधून ४५ फेडून शून्य. म्हणजे ही जुळणी आणि तो हक्क एकच, आणि जुळणीला खिशातून लागले ५. म्हणून हक्काचा भाव ५. "पण वर जायची शक्यता किती?" हा प्रश्न मागच्या बाकावरून पुन्हा पुन्हा येत राहिला. ती शक्यता, आणि वाईट काळाचं ते वजनसुद्धा, शेअरच्या १०० या भावात आधीच सामावलेलं असतं. हक्काचा भाव त्या शंभरावरूनच काढलेला असल्याने ते पुन्हा मोजायचं नसतं. ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांचं १९७३ चं काम याच विचाराचं सलग काळातलं रूप आहे. त्याचं गणित कठीण आहे, पण विचार या दोन ओळींचाच.

गणितापेक्षा जास्त घाम इकॉनोमेट्रिक्सने, म्हणजे आर्थिक आकडेवारी संख्याशास्त्राने तपासण्याच्या विषयाने, काढला, आणि सगळ्यात जास्त शिकवलंही त्यानेच. पहिल्या प्रयोगात सरांनी आम्हाला संगणकावर दोन मालिका तयार करायला सांगितल्या. दोन्ही रँडम वॉक: कालच्या आकड्यात आजचा एक यदृच्छ धक्का मिळवायचा, की झाला आजचा आकडा. दोन्ही मालिकांचे धक्के वेगवेगळे काढलेले, एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. मग एकीचं दुसरीवर रिग्रेशन, म्हणजे एकीच्या आकड्यांवरून दुसरीचे आकडे किती समजतात ते बघायचं. माझ्या पडद्यावर आर-स्क्वेअर (आकडे किती जुळतात याचं माप) चांगला घसघशीत आणि टी-मूल्य (संबंध निव्वळ योगायोग वाटतो का याचं माप) असं की कुठलाही वाचक मान डोलावेल. शेजारणीच्या पडद्यावर तसंच, फक्त चिन्ह उलटं. वर्गात बहुतेकांना 'संबंध' सापडला होता, तोही जिथे संबंध नसल्याची आम्हाला खात्री होती तिथे. मग सरांनी दोन्ही मालिकांतले रोजचे फरक घेऊन तेच रिग्रेशन पुन्हा करायला लावलं, आणि संबंध नाहीसा झाला. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये हीच गोष्ट दाखवली होती. म्हणून फायनान्समध्ये भावांवर नव्हे, परताव्यांवर काम करतात. आजही दोन चढत्या रेषा एका आलेखात काढून कुणी एकीमुळे दुसरी असं सांगू लागलं, की माझा हात आपोआप फरक काढायला जातो.

कॅपएमची परीक्षाही आम्ही याच वर्गात घेतली. एकेका शेअरचा परतावा बाजाराच्या परताव्यावर रिग्रेस करून बीटा, म्हणजे तो बाजाराबरोबर किती हलतो याचं माप, काढायचा, मग बीटाप्रमाणे शेअरचे गट पाडायचे आणि जास्त बीटाच्या गटाला खरंच जास्त परतावा मिळाला का ते पाहायचं. रेषा मिळते, पण मॉडेल सांगतं त्यापेक्षा बरीच सपाट. फामा आणि फ्रेंच यांनी १९९२ मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवर हेच मांडलं आणि कंपनीचा आकार व पुस्तकी (हिशेबातल्या) मूल्याचं बाजारमूल्याशी प्रमाण यांना पुढे आणलं. त्याआधी १९७७ मध्ये रिचर्ड रोल यांनी मुळावरच बोट ठेवलं होतं: खरा 'बाजार' म्हणजे जगातली सगळी संपत्ती, घरं आणि माणसांची कमावण्याची ताकद धरून. तो कुणाला मोजता येत नाही, मग मॉडेल तपासलं असं म्हणायचं कसं? २०१३ चं नोबेल फामा, शिलर आणि हॅन्सन यांना एकत्र मिळालं. त्यातले पहिले दोघे बाजाराच्या शहाणपणाबद्दल एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतात. आमच्या विभागातही दोन्ही मतांचे प्राध्यापक होते आणि दोघांच्याही तासाला वर्ग भरलेला असे.

बँकिंगचा पेपर मी ऐच्छिक म्हणून घेतला आणि तोच पुढे माझा विषय झाला. डायमंड आणि डिब्विग यांचं १९८३ चं मॉडेल दोन पानांत मावतं. बँक लोकांकडून कधीही काढता येणाऱ्या ठेवी घेते आणि तो पैसा लांब मुदतीच्या कामात घालते. सगळे शांत राहिले तर सगळ्यांचं भलं. पण बाकीचे पैसे काढतील असं वाटलं तर आपणही धावणं हेच शहाणपणाचं, आणि सगळे धावले की चांगली बँकसुद्धा बुडते. सगळे शांत राहणं आणि सगळे धावणं, हे दोन्ही समतोल एकाच बँकेत शक्य आहेत. ठेवींना विमा असला की धावायचं कारणच उरत नाही. हे शिकलो त्याच सुमारास या दोघांना बर्नान्की यांच्यासोबत २०२२ चं नोबेल मिळालं, आणि काही महिन्यांत अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाल्याची बातमी आली. अमेरिकेतला धोरणदर, म्हणजे मध्यवर्ती बँकेने ठरवलेला व्याजदर, मार्च २०२२ मध्ये शून्याला टेकलेला होता, तो वर्षाच्या आत साडेचार टक्क्यांच्या वर गेला होता. बँकेकडे लांब मुदतीचे रोखे भरपूर. म्हणजे दुसऱ्या वर्षी कागदावर काढलेली ती १०० वरून खाली येणारी किंमत. ठेवी मोठ्या आणि बहुतांश विम्याच्या अडीच लाख डॉलर मर्यादेबाहेर. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४,२०० कोटी डॉलर काढायला अर्ज केले आणि दुसऱ्या दिवशी नियामकांनी बँक बंद केली. त्या आठवड्यात आमच्या वर्गात ठरलेला पाठ झालाच नाही. बँकेचा ताळेबंद पडद्यावर लावून मॅडम एकेक ओळ विचारत होत्या, आणि ड्युरेशन, विमा, धावण्याचा समतोल हे सगळं एका पानावर उतरताना दिसत होतं.

प्रबंधासाठी मी विषय घेतला तो व्याजदराच्या घोषणांचा: घोषणेच्या दिवशी बँकांच्या शेअरचे भाव किती आणि का हलतात? यातली मेख अशी की दर किती बदलला याने काही ठरत नाही. बाजाराला जे अपेक्षित होतं ते भावात आधीच आलेलं असतं. भाव हलतो तो अनपेक्षित भागाने. म्हणून आधी फ्युचर्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आजच ठरवलेल्या सौद्यांच्या, भावांवरून अपेक्षा काढायची आणि मग घोषणेतून ती वजा करायची. बर्नान्की आणि कटनर यांनी २००५ मध्ये या पद्धतीने दाखवलं की अमेरिकेत दरात पाव टक्क्याची अनपेक्षित कपात झाली तर शेअर निर्देशांक साधारण एक टक्का वर जातो.

मॉडेलला वेळ थोडाच लागला, आकडेवारी साफ करायला मात्र भरपूर. एका बँकेच्या रकान्यात तोच भाव कित्येक आठवडे जसाच्या तसा होता आणि मग रिकाम्या चौकटी. म्हणजे व्यवहार थांबले होते, पण यादी शेवटचा भाव पुढे ओढत होती. तसंच ठेवलं असतं तर घोषणेचा तिच्यावर परिणाम शून्य असं निघालं असतं, तेही सगळ्यात अडचणीत असलेल्या बँकेबाबत. दुसरी गोष्ट, पहिल्यांदा हाती आलेली यादी आज चालू असलेल्या बँकांचीच होती. बुडालेल्या आणि विलीन झालेल्या बँका तिच्यात नव्हत्या, आणि अशा यादीवर काढलेली कुठलीही सरासरी जगलेल्यांचीच सरासरी असते. जुन्या याद्या शोधून, नावं बदललेल्या बँकांचे धागे जुळवून मी ती यादी पुन्हा बांधली. ते काम कंटाळवाणं होतं असं सगळे म्हणतात, पण मला त्यात फार समाधान मिळालं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न निष्कर्षावर विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "बंद पडलेल्या बँकांचा शेवटचा परतावा तुम्ही किती धरला?"

या अभ्यासक्रमात मला दोन उणिवा वाटल्या आणि त्या बोलायला हव्यात. एक, हिशेबशास्त्र. अर्थशास्त्राचे विद्यार्थी कंपनीच्या मूल्याबद्दल प्रमेयं सिद्ध करतात. मोदिग्लियानी आणि मिलर यांचं १९५८ चं प्रमेय तर पाठच असतं, की कर, दिवाळखोरीचा खर्च आणि माहितीतली तफावत नसेल तर कर्ज किती आणि भागभांडवल किती यावरून कंपनीची किंमत बदलत नाही. पण ताळेबंद समोर ठेवला की त्यातलं कर्ज नेमकं कुठल्या ओळीत शोधायचं हे अनेकांना सांगता येत नाही. दुसरी उणीव आर्थिक इतिहासाची. १९२९, १९९८ आणि २००८ या आर्थिक संकटांच्या तीन वर्षांत काय घडलं हे नीट वाचल्याशिवाय 'वाईट काळ' हा शब्द समीकरणातच राहतो. आमच्याकडे तो पेपर ऐच्छिक होता आणि वर्गात आम्ही मोजकेच होतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी क्रमच सांगते. पहिल्या वर्षी लिनियर अल्जेब्रा आणि संभाव्यता मन लावून करा, त्यांची भरपाई नंतर करणं जड जातं. त्याच वर्षी आर किंवा पायथॉनपैकी एक भाषा उचला आणि प्रत्येक गृहपाठ तिच्यात एकदा करून पाहा. हिशेबशास्त्राचा पेपर दुसऱ्या विभागात जाऊन घ्यावा लागला तरी दुसऱ्या वर्षीच घ्या, रोखे शिकता शिकता. इतिहासाचा पेपर बँकिंगच्या आधी. आणि इकॉनोमेट्रिक्सला बसण्यापूर्वी दोन खोट्या रँडम वॉक मालिका स्वतः तयार करून त्यांचं एकमेकींवर रिग्रेशन करून बघा. त्याला दहा-बारा ओळींपेक्षा जास्त कोड लागत नाही.